स्क्राइबची नोकरी घेऊ का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक ओळ लिहून गेले की मेडिकल स्कूलला अप्लाय करायच्या आधी मी १४ महिने एका इमर्जन्सी रूममध्ये (ईआरमध्ये) स्क्राइब होते, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्क्राइब म्हणजे डॉक्टरांच्या सोबत फिरून पेशंट काय सांगतोय, डॉक्टर काय तपासतायत, काय ठरवतायत हे तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर पेशंटच्या चार्टमध्ये लिहिणारा माणूस. अमेरिकेत २००९ च्या हायटेक कायद्यानंतर सगळीकडे कागद जाऊन कॉम्प्युटरचे चार्ट आले, डॉक्टरांचा निम्मा वेळ स्क्रीनकडे बघण्यात जायला लागला, आणि मग हे काम एकदम वाढलं. ते करणाऱ्यांत प्रीमेडची, म्हणजे मेडिकल स्कूलला जायची तयारी करणारी, मुलं खूप असतात. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत ज्युनिअर इयरला (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, बायॉलॉजी मेजर. एका हॉस्पिटलच्या ईआरमध्ये स्क्राइबची ऑफर आलीये, आठवड्याला दोन शिफ्ट. मैत्रिणी म्हणतात ते नुसतं टायपिंग आहे, ॲडमिशन कमिटीला त्याचं काही नसतं, त्यापेक्षा ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर प्रथमोपचार करणारी) हो. काय करू?

उत्तर: ऑफर घे. मैत्रिणी पूर्ण चुकीचं बोलत नाहीयेत, त्यावर येते, पण आधी हे काम आतून कसं असतं ते ऐक.

शिफ्ट सुरू झाली की चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत तू डॉक्टरांच्या मागे मागे खोलीत जातेस, ते विचारतात, पेशंट बोलतो, तू लिहितेस. ऐकायला सोपं वाटतं, पण पेशंट कधीच क्रमाने बोलत नाही. 'परवापासून बरं नव्हतं, तसं लग्नाला गेलो होतो तेव्हापासूनच जरा, पण खरं म्हणजे काल रात्री जेवल्यावर' असं तो सांगत असतो आणि तुला त्यातून कधी सुरू झालं, कुठे दुखतंय, कुठे पसरतंय, कशाने वाढतं, कशाने थांबतं, सोबत घाम आला का उलटी झाली का, हे वेचून चार-पाच सरळ वाक्यांत मांडायचं असतं, आणि तेही पुढच्या खोलीत जायच्या आत. याला एचपीआय म्हणतात, आत्ताच्या आजाराची हकीकत. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं मी पेशंटने सांगितलेलं लिहितेय. नंतर कळलं की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं हेच काम आहे.

एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. सकाळी सातला एका गृहस्थांना आणलं, डावा हात उचलत नव्हता, बोलणं अडखळत होतं. बायको म्हणाली, 'सहाला उठले तेव्हा असं झालं.' मी नवीन होते, मी लिहिलं, सुरुवात सकाळी सहा. डॉक्टर तिच्या शेजारी वाकले आणि विचारलं, झोपायला गेले तेव्हा ठीक होते? रात्री मध्ये उठले होते का, काही बोलले का? ती म्हणाली, अकराला झोपले तेव्हा अगदी ठीक होते, नंतरचं मला माहीत नाही. डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'लास्ट नोन वेल, रात्री अकरा.' स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि घड्याळ मोजायचं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून, घरच्यांच्या लक्षात आलं तिथून नाही. माझ्या चार्टमध्ये तो पेशंट एका तासावर दिसत होता, खरा होता आठ तासांवर. पुढचा सगळा मार्ग त्या एका आकड्याने बदलतो, कुठला स्कॅन, कुठलं औषध, मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं का. मी तो आकडा खोडून नवा लिहिला तेव्हा माझे हात गार पडले होते. नंतर मेडिकल स्कूलमध्ये स्ट्रोकचं लेक्चर झालं तेव्हा वर्गात बाकीचे साडेचार तास पाठ करत होते आणि मला त्या बाईंचा चेहरा दिसत होता.

चार्टमधला शिकण्यासारखा खरा भाग म्हणजे एमडीएम, डॉक्टरांनी विचार कसा केला ते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला हार्ट ॲटॅक नाही हे कशावरून, फुप्फुसात गुठळी नाही हे कशावरून, महाधमनीला चीर गेलेली नाही हे कशावरून, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीये का ते सांगणारी रक्ततपासणी) परत कधी काढायचं, घरी सोडायचं की रात्रभर ठेवायचं. २०२३ पासून ईआरच्या बिलाची लेव्हलसुद्धा याच विचारावर ठरते, त्याआधी हिस्टरीचे आणि तपासणीचे मुद्दे मोजत बसावं लागायचं. त्यामुळे एमडीएम नीट लिहिता येणारा स्क्राइब डॉक्टरांना हवा असतो आणि चांगले डॉक्टर तुझ्यासाठी मोठ्याने विचार करतात. वीस वर्षांच्या मुलीला रोज आठ तास कोणीतरी शेजारी बसून मोठ्याने विचार करून दाखवतंय, असं शिक्षण दुसरीकडे कुठे मिळतं मला खरंच माहीत नाही. शॅडोइंगमध्ये तू कोपऱ्यात उभी राहून बघतेस. इथे तुझं चुकलं तर कोणाचंतरी अडतं, म्हणून कान आपोआप उघडे राहतात.

आता मैत्रिणींचं बरोबर कुठे आहे ते. स्क्राइब पेशंटला हात लावत नाही. सल्ला देत नाही, पेशंटने पाणी मागितलं तरी नर्सला विचारल्याशिवाय देत नाही, कारण त्याला ऑपरेशनला न्यायचं असेल तर पोट रिकामं लागतं. आणि कमिटीला एवढंच बघायचं नसतं की तुला डॉक्टरांचं काम माहीत आहे, आजारी माणसाजवळ तू थांबू शकतेस का, त्याला उलटी झाली, तो रडला, चिडला तर तुझं काय होतं हेही बघायचं असतं. ते स्क्राइबिंगमध्ये कमी मिळतं. म्हणून ऑफर घे आणि सोबत महिन्यातून दोन-तीनदा हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) किंवा नर्सिंग होममध्ये व्हॉलंटिअर कर, जिथे तुझ्यासमोर स्क्रीन नसेल. ईएमटी चांगलंच आहे, पण त्याला कोर्स, परीक्षा, मग लायसन्स, आणि तुझ्याकडे हातात आलेली नोकरी आहे. हाताने काम करायची ओढ असेल तर सीएनए (नर्सच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणारी सहायक) बघ, त्याचं ट्रेनिंग केंद्राच्या नियमाने कमीत कमी ७५ तासांचं असतं, काही राज्यांत जास्त, म्हणजे एका उन्हाळ्यात होण्यासारखं.

सही करायच्या आधी विचारून घे: ट्रेनिंगचे पैसे देतात का आणि किती, किमान किती महिने राहायची अट आहे, मधेच सोडलं तर पैसे मागतात का, महिन्याला किती नाइट शिफ्ट कराव्या लागतील, फायनल्सच्या आठवड्यात सुट्टी मिळते का. मी हे काहीच न विचारता सही केली होती आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ड्युटी लागली होती, बदली शोधायची जबाबदारी माझीच असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं होतं.

प्रश्न: मी दोन महिन्यांपूर्वी एका क्लिनिकमध्ये स्क्राइब म्हणून लागले. टायपिंग फास्ट आहे तरी मी मागे पडते. डॉक्टर दिवसाला पंचवीस पेशंट बघतात, काल सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्या नोट्स मलाच परत लिहाव्या लागतात. रोज रडत घरी येते. सोडून देऊ का? मला डॉक्टर होता येणारच नाही असं वाटायला लागलंय.

उत्तर: अगं, दोन महिन्यांत सगळ्यांचं असंच असतं, आणि याचा डॉक्टर होता येण्याशी काहीही संबंध नाही. टायपिंगचा वेग हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. तू मागे पडतेस कारण तू सगळं लिहायला बघतेयस, हे मी पैजेवर सांगते.

उद्या अर्धा तास आधी जा आणि येणाऱ्या पेशंटचे जुने चार्ट उघडून ठेव. मागच्या वेळी काय ठरलं होतं, कुठली औषधं चालू आहेत, कुठला रिपोर्ट यायचा होता. मग खोलीत डॉक्टर जेव्हा म्हणतील 'ए वन सी (डायबेटीसची रक्ततपासणी) कसं आलं बघू' तेव्हा तुला ते माहीत असेल. नेहमीच्या तपासण्यांसाठी शॉर्टकट बनवून ठेव, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, डॉट आणि दोन अक्षरं टाकली की अख्खा परिच्छेद येतो. पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. शॉर्टकटने आलेला परिच्छेद न वाचता सोडू नकोस. 'दोन्ही पाय नॉर्मल, सूज नाही' हे वाक्य आपोआप येऊन बसतं आणि पेशंटचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला असतो, असं खरंच होतं. डॉक्टरांनी जे तपासलं नाही ते लिहायचं नाही. लक्षात राहिलं नाही तर विचारायचं, 'सर, पोट तपासलंत का तुम्ही?' असं विचारणाऱ्या स्क्राइबवर डॉक्टर चिडत नाहीत, खोटं लिहिणाऱ्यावर चिडतात आणि ते बरोबर आहे.

आणि डावं-उजवं. मी एकदा डाव्या घोट्याच्या जागी उजवा लिहिला होता. डॉक्टरांनी एक्स-रे बरोबर बाजूचा मागवला होता म्हणून निभावलं, पण हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला की तुमच्या नोटमध्ये आणि फिल्ममध्ये पाय वेगवेगळे आहेत. त्या दिवसापासून मी पेशंटने जिथे हात ठेवला ती बाजू मनात मोठ्याने म्हणते, आजही, स्वतः डॉक्टर असूनही.

अजून एक, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. २०२१ च्या एप्रिलपासून पेशंटला त्याची नोट तयार झाल्या झाल्या फोनवर वाचायला मिळते, कायद्यानेच. म्हणजे तू लिहिलेलं तो माणूस पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचणार आहे. एका बीपीच्या पेशंटबद्दल मी लिहिलं होतं 'नॉनकम्प्लायंट, औषधं घेत नाही'. डॉक्टरांनी ते खोडलं आणि म्हणाले, त्याने काय सांगितलं आठव. त्याने सांगितलं होतं की गोळ्या परवडत नाहीत म्हणून तो एक दिवसाआड घेतो. मग तेच लिहिलं. आणि तेच लिहिल्यामुळे त्याला स्वस्तातली गोळी लिहून दिली गेली. ते पहिलं वाक्य राहिलं असतं तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरने त्याला ऐकत नाही म्हणून बोल लावला असता.

डॉक्टरांना एकदा शांतपणे विचार की कालच्या नोट्समधल्या दोन माझ्यासमोर दुरुस्त करून दाखवाल का, दहा मिनिटं. बहुतेक जण दाखवतात. सगळ्यांसमोर बोलले ते मला आवडलं नाही, त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. अजून सहा आठवडे दे. त्यानंतरही ते असंच सगळ्यांसमोर बोलत राहिले तर दुसरं क्लिनिक बघ, नोकरी बदलणं म्हणजे हार नाही गं, आणि रडत घरी यायचं हे शिकण्यासाठी अजिबात गरजेचं नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा चार वर्षांचं कॉलेज संपवून आता तासाला किमान वेतनाच्या जरा वर पैसे घेऊन टायपिंग करतोय. आमच्या वेळी बारावीनंतर थेट एमबीबीएस होतं. इथे पदवीनंतर हे असं वर्ष वाया घालवणं योग्य आहे का? घरात रोज वाद होतात.

उत्तर: नमस्कार. तुमची काळजी कळते, माझ्या बाबांनीही अगदी हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

तिकडे भारतात एक परीक्षा, एक रँक आणि ॲडमिशन, हिशोब सरळ. इथे एमडीच्या (म्हणजे तिकडच्या एमबीबीएससारख्या पहिल्या डॉक्टरी पदवीच्या) कॉलेजांना दरवर्षी ५० हजारांच्या वर मुलं अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास जागा मिळतात, आणि त्या अर्जदारांत उत्तम जीपीए (कॉलेजचे मार्क) आणि उत्तम एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) असलेली मुलं ढिगाने असतात. तेव्हा कमिटी विचारते की या मुलाला हे काम नक्की काय आहे ते माहीत आहे का. आता बहुतेक मुलं कॉलेज संपल्यावर एक किंवा दोन वर्षं थांबूनच जातात, तुमचा मुलगा मागे पडलेला नाही. पैसे कमी आहेत हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. निदान २६ वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहू शकतो, तेवढा एक खर्च वाचतो.

पण तुम्हालाही एक गोष्ट विचारायचा हक्क आहे, आणि ती त्याला जरूर विचारा, रागावून नको, जेवताना. हे वर्ष तो कशासाठी घेतोय? क्लिनिकल अनुभव नव्हता म्हणून घेत असेल तर उत्तम. पण एमकॅट कमी आला म्हणून घेत असेल आणि आठवड्याला ५० तास शिफ्ट करत असेल तर ते चुकतंय, कारण एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात आणि हजार तास स्क्राइबिंग केलं तरी त्यातला एक मार्क वाढत नाही. अशा वेळी दोन-तीन महिने शिफ्ट निम्म्या करायच्या आणि अभ्यासाला बसायचं. तसंच ईआरचं एक अख्खं वर्ष झालं असेल तर दुसरं वर्ष तेच करण्यात फारसं काही नवीन मिळत नाही.

आणि एक दिवस त्याला विचारा, आज काय बघितलंस? पेशंटचं नाव-गाव तो सांगणार नाही, सांगूही नये, पण काय शिकला ते सांगेल. माझ्या बाबांनी सहा महिन्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं आणि आम्ही रात्री एकपर्यंत बोलत बसलो होतो.

प्रश्न: मी ईआरमध्ये स्क्राइब आहे. परवा भारतातून मुलाकडे आलेल्या एक मराठी आजी आल्या, इंग्लिश अजिबात येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले तूच सांग त्या काय म्हणतायत. मी केलं ट्रान्सलेट. घरी आल्यावर वाटलं, चुकलं का?

उत्तर: तुझा हेतू चांगला होता आणि आजींना मराठी ऐकून किती बरं वाटलं असेल हे मी समजू शकते. पण हो, पुढच्या वेळी नको करूस. इथल्या कायद्याने हॉस्पिटलला पात्र इंटरप्रिटर द्यावा लागतो, फोनवर किंवा व्हिडिओवर मराठीचा मिळतोही, थोडा वेळ लागतो इतकंच. आणि तू स्क्राइब म्हणून तिथे आहेस, एकाच वेळी भाषांतर आणि लिहिणं केलंस तर चूक पकडणारं कोणीच उरत नाही, जे तू चुकीचं समजलीस तेच तू लिहितेस.

आपल्याला वाटतं मराठी येते म्हणजे झालं. आता बघ. आजी म्हणतात 'चक्कर येते'. म्हणजे खोली गरगर फिरते, की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो? पहिल्यात डॉक्टर कानाकडे आणि मेंदूकडे बघतात, दुसऱ्यात हृदय, बीपी, रक्त कमी होणं, पोटात रक्तस्राव. तू 'डिझी' म्हटलंस की तिन्ही एक झालं. छातीचंही तसंच. 'कळ येते', 'चमक निघते', 'जळजळतं', 'दडपल्यासारखं होतं', 'धडधडतं'. घाईत हे सगळं 'चेस्ट पेन' होऊन बसतं, आणि यातलं 'दडपल्यासारखं' ऐकलं की मी ईसीजी हातात घेऊन परत बघते, खरं तर छातीच्या तक्रारीचा ईसीजी पेशंट आल्यापासून १० मिनिटांत डॉक्टरांनी बघायचाच असतो. आणि आपल्या आज्या तर छातीत दुखतंय असं सरळ म्हणतच नाहीत, 'जरा गॅस धरल्यासारखा वाटतोय, होईल बरं' म्हणतात आणि मुलाला म्हणतात की उगाच आणलंस, किती खर्च.

मग तू काय करायचं? डॉक्टरांना सांगायचं, 'मला मराठी येतं पण मी ट्रेन्ड इंटरप्रिटर नाही, लाइन लावूया.' आणि लाइन लागेपर्यंत आजींना म्हणायचं, 'आजी, मी इथेच आहे, मराठी बोलणारं माणूस फोनवर येतंय, काळजी करू नका.' एवढं मराठी तू बोलायलाच हवंस. जीव जायची वेळ असेल, सेकंदांचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जे येतं ते सांगायचं आणि इंटरप्रिटर आला की परत सगळं पहिल्यापासून विचारायला लावायचं.

प्रश्न: मुलगी एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, वय १९, टेक्सासला कॉलेजात आहे. स्क्राइबची नोकरी करू शकेल का? पगार नाही घेतला तर चालेल का?

उत्तर: ताई, नोकरी नाही करता येणार. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते, एच-४ ईएडी (ईएडी म्हणजे कामाचा परवाना) म्हणतात ते ठरावीक परिस्थितीतल्या नवरा-बायकोसाठी असतं. आणि पगार न घेता स्क्राइब होणं हा मार्ग मला धोक्याचा वाटतो, कारण ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट केलं तरी ते कामच धरलं जाऊ शकतं. हॉस्पिटलचा रीतसर व्हॉलंटिअर प्रोग्रॅम, जो सगळ्यांसाठीच बिनपगारी असतो, आणि डॉक्टरांचं शॅडोइंग, हे तिने जोरात करावं. तुमचं ग्रीन कार्डचं शेवटच्या टप्प्याचं ॲप्लिकेशन तिच्या नावासकट पेंडिंग असेल तर तिला स्वतःचं ईएडी मिळू शकतं, मग सगळी दारं उघडतात. नाहीतर २१ पूर्ण व्हायच्या आत एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) विचार करावाच लागेल. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा भेटा, यात ओळखीच्यांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि हेही आत्ताच बघून ठेवा की बरीच मेडिकल स्कूल्स फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, कोण कोण बाकीच्यांना घेतं ते एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमसार नावाच्या माहितीकोशात कॉलेजवार दिलेलं असतं. हे तिला एकोणिसाव्या वर्षी कळलं तर ती त्याप्रमाणे ठरवू शकेल, बावीसाव्या वर्षी कळलं तर फार दुखेल.

प्रश्न: आता एआयच नोट्स लिहितं म्हणे. मग ही नोकरी राहणार का?

उत्तर: कमी होणार, क्लिनिकमध्ये तर होतेच आहे. डॉक्टर फोन टेबलावर ठेवतात, बोलणं रेकॉर्ड होतं, मिनिटाभरात कच्ची नोट तयार. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये नुआन्स ही बोलणं ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली तेव्हाच हे कुठे चाललंय ते दिसत होतं. मी स्वतः वापरते. पण डॉक्टर जे मोठ्याने बोलत नाहीत ते त्याला ऐकू येत नाही, आणि कधीकधी न झालेली गोष्ट ते अगदी सफाईदार वाक्यात लिहून ठेवतं, म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते. ईआरसारख्या ठिकाणी, जिथे एका वेळी सहा पेशंट, कोणासाठी बोलावलेले दुसरे तज्ज्ञ कधी आले, कोणाला परत कधी तपासलं, क्रिटिकल केअरची, म्हणजे अत्यवस्थ पेशंटला दिलेली, किती मिनिटं झाली (३० च्या खाली असतील तर ते बिल लावताच येत नाही) हे सगळं धरून ठेवायचं असतं, तिथे माणूस अजून लागतो. तुला संधी मिळत असेल तर आत्ता घे, तीन वर्षांनी बघू म्हणू नकोस.

प्रश्न: ११ महिने स्क्राइबिंग झालं. जूनमध्ये अप्लाय करतोय. हे ॲप्लिकेशनमध्ये कसं लिहू? आणि डॉक्टरांकडे शिफारशीचं लेटर कसं मागू?

उत्तर: ॲमकासमध्ये (मेडिकल स्कूल्सच्या सामाईक ऑनलाइन अर्जात) १५ अनुभव लिहिता येतात, प्रत्येकाला ७०० कॅरेक्टर, आणि त्यातले तीन 'मोस्ट मीनिंगफुल' म्हणून निवडायचे, त्यांना १,३२५ कॅरेक्टर जास्तीचे. स्क्राइबिंग पगारी क्लिनिकल कामात टाक, शॅडोइंगमध्ये नको, आणि तेच तास दोन्हीकडे मोजू नकोस, वाचणाऱ्याला लगेच कळतं. तास शिफ्टच्या नोंदी काढून मोज, अंदाजाने फुगवू नकोस.

७०० कॅरेक्टरमध्ये 'मी एचपीआय लिहिले, चार्टिंग केलं' यात जागा घालवू नकोस. स्क्राइब काय करतो ते कमिटीला पाठ आहे. एकच प्रसंग घे ज्याने तुझं काहीतरी बदललं. माझ्याकडे एका वाचक मुलीने मसुदा पाठवला होता त्यात तीन ओळी ट्रॉमाच्या होत्या, रक्त, हेलिकॉप्टर, सगळं, आणि शेवटी अर्ध्या ओळीत होतं की डॉक्टर वाईट बातमी सांगायच्या आधी खुर्ची ओढून बसले आणि फोन बंद केला. मी म्हटलं हेलिकॉप्टर काढ, खुर्ची ठेव. तिने पूर्ण लिहिलं तेव्हा ते वाचून मी थांबले होते.

पेशंटची ओळख पटेल असं काही लिहू नकोस. नाव तर नाहीच, पण तारीख, गाव, दुर्मिळ आजार आणि नेमकं वय एकत्र आलं तरी माणूस ओळखू येतो. हिपा हा पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा १९९६ पासून आहे आणि तो ॲप्लिकेशनलाही लागू आहे असं धरूनच लिही. आणि अजून नोकरीवर आहेस तर सांगते, ओळखीचं कोणी ॲडमिट आहे म्हणून त्यांचा चार्ट कधीच उघडू नकोस, स्वतःच्या आईचासुद्धा. कोणी कधी काय उघडलं याची नोंद सिस्टीममध्ये राहते, आणि त्यावरून नोकरी गेलेली मी पाहिलीये, चांगली मुलगी होती, फक्त काळजी वाटत होती तिला.

लेटर मोठ्या पदाच्या डॉक्टरांकडे मागू नकोस, ज्यांच्यासोबत सगळ्यात जास्त शिफ्ट केल्यास त्यांच्याकडे माग. शिफ्टच्या गडबडीत नको, संपल्यावर, आणि विचारताना असं विचार की 'तुम्ही माझ्यासाठी जोरदार लेटर लिहू शकाल असं वाटतं का?' म्हणजे त्यांना मनात नसेल तर नाही म्हणायला वाट राहते, कोमट लेटर आलं तर ते नसलेलं बरं. हो म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सीव्ही, पर्सनल स्टेटमेंटचा मसुदा आणि त्यांच्यासोबतच्या दोन-तीन केसेसची आठवण अशी एक छोटी मेल कर. डॉक्टर विसरतात रे, वर्षाला हजारो पेशंट होतात. तुझा तो दिवस त्यांना आठवून दिलास की लेटरमध्ये तो दिवस येतो. एप्रिलमध्ये विचार, मेच्या मध्यात एकदा आठवण कर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं नसेल तर सरळ त्यांच्या शिफ्टला जाऊन उभा राहा.